दार तेच, पातळी वेगळी



झरी जामणी तालुक्याच्या दक्षिण अंगाने पैनगंगा वाहते. तिच्या काठी ज्याचे वावर आहे त्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. वावरातला नाला एरवी नदीकडे वाहतो. पण भर पावसाळ्यात नदी फुगली की पाणी त्याच नाल्याच्या तोंडातून उलटे वावरात शिरते. नाला तोच, तोंडही तेच. बदलते ती नदीची पातळी. आज मला जे सांगावयाचे आहे, ते सारे या एका गोष्टीत सामावलेले आहे. मात्र बोलावयाचे आहे ते मेंदूविषयी, आणि त्यातही नुकत्याच जन्मलेल्या लेकराच्या मेंदूविषयी.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींना सारखे निरोप धाडीत असतात. ढोबळमानाने हे निरोप दोन जातींचे. एक म्हणतो ‘चल’, दुसरा म्हणतो ‘थांब’. बैलाला नुसता चाबूक असून भागत नाही, हातात कासराही लागतो. तसेच हे आहे. ‘थांब’ म्हणणारा मेंदूतला मुख्य निरोप्या म्हणजे गॅबा नावाचे एक द्रव्य. त्याचे पुरे नाव गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल. मेंदूत ते आहे हे १९५० साली अमेरिकेत यूजीन रॉबर्ट्‌स या शास्त्रज्ञाने दाखवून दिले.

हा कासरा हातून सुटला तर काय होते, ते आपल्या भागात लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पहिले उदाहरण धनुर्वाताचे. मातीतले, शेणातले जंतू जखमेत शिरतात. बाळाची नाळ मळक्या विळ्याने किंवा पात्याने कापली तर नाळेतून शिरतात. त्यांचे विष मज्जारज्जूपर्यंत पोचते आणि गॅबा व त्याचा जोडीदार ग्लायसिन या दोन्ही निरोप्यांना पेशीबाहेर पडूच देत नाही. ‘थांब’ म्हणणारे कोणी उरले नाही, म्हणजे अंग धनुष्यासारखे ताणले जाते. गरोदरपणातली लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे हा रोग इतका मागे हटला, की २०१५ मध्ये नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. उच्चाटन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रोगी. रोग मुळासकट गेला असा त्याचा अर्थ नव्हे; म्हणून लस आणि स्वच्छता सोडून चालणार नाही.

दुसरे उदाहरण पऱ्हाटीवरच्या फवाऱ्याचे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी व शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दवाखान्यात दाखल झाले, आणि विसाहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर राज्य सरकारने यवतमाळसह पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीला साठ दिवसांची बंदी घातली. त्या पाचांत फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिड यांचे मिश्रण होते. यांतले फिप्रोनिल हे गॅबाच्या दाराला कुलूप घालणारे विष आहे. निरोप्या येतो, दार ठोठावतो, पण दार उघडत नाही. किडा झटके येऊन मरतो. माणसाच्या दारावर त्याची पकड किड्याच्या मानाने सैल आहे. पण मात्रा मोठी झाली तर माणसालाही झटके येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ज्याच्यावर बंदी घातली, ते एंडोसल्फानही याच दाराला कुलूप घालणारे होते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांची तऱ्हा निराळी, आणि त्यांचा उतारा निराळा. म्हणून फवारणाऱ्या माणसाला त्रास झाला तर त्याच्याबरोबर औषधाचा डबा किंवा निदान त्यावरची चिठ्ठी दवाखान्यात न्यावी. कोणत्या विषाने काम केले हे कळल्यावाचून डॉक्टरला नेमका उपचार ठरवता येत नाही.

पहिल्या उदाहरणात निरोप्या निघालाच नाही, आणि दुसऱ्यात दार उघडले नाही. आता तिसरी गोष्ट, आणि आजच्या भाषणाचा गाभा तोच आहे. निरोप्या वेळेवर आला, दारही उघडले, आणि तरी ‘थांब’च्या ऐवजी ‘चल’ झाले, असे होईल का? होते. आणि तेही आजाराने नव्हे, निसर्गाच्या नेमाने होते.

त्यासाठी हे दार कसले ते पाहू. चेतापेशीच्या आत आणि बाहेर विजेच्या दाबात फरक असतो. पेशी स्वस्थ असता तो उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास राहतो. ‘चल’चे निरोप येऊ लागले की पातळी चढू लागते, आणि ती उणे ५० च्या जवळ पोचली की पेशी एकदम पेटते व आपला निरोप पुढे धाडते. वावरात पाणी भरत जावे आणि धुऱ्यावरून उसळून शेजारच्या वावरात पडावे, तसे हे आहे. उणे ५० हा पेशीचा धुरा समजा.

गॅबाचे दार उघडले की त्यातून मुख्यतः क्लोराइड ये-जा करते. क्लोराइड म्हणजे आपल्या खाण्याच्या मिठातला एक अंश. त्याच्यावर ऋण विद्युत्‌भार असतो. मोठ्या माणसाच्या पेशीत क्लोराइड थोडे आणि बाहेर पुष्कळ. म्हणून दार उघडताच ते आत येते, ऋण भार वाढतो, विजेची पातळी खाली उतरते आणि पेशी शांत होते. पण पेशीत क्लोराइड आधीच पुष्कळ साठलेले असेल तर? दार उघडताच ते बाहेर जाईल, ऋण भार कमी होईल आणि पातळी वर चढेल. थोडक्यात, दार उघडले की पेशी एका ठरावीक पातळीकडे ओढली जाते, आणि ती पातळी कोठे असावी हे आत साठलेले क्लोराइड ठरवते. आपल्या दृष्टांतात ती पातळी म्हणजे पैनगंगेचे पाणी.

गुरुजींना हे वर्गात दाखवता येईल. खर्च काही नाही. काचेची एक उंच बरणी अर्धी पाण्याने भरा, आणि पाण्याच्या चार बोटे वर बाहेरून एक रेघ ओढा. बरणी म्हणजे पेशी, रेघ म्हणजे धुरा. शेजारी पाण्याची मोठी बादली ठेवा, ती नदी. सलाइनची कोरी नळी पाण्याने पूर्ण भरून तिचे एक टोक बरणीत आणि दुसरे बादलीत बुडवा, आणि नळी मधोमध चिमटीत दाबून धरा. चिमटी सोडली की दार उघडले, दाबली की मिटले. बादली वरखाली करावयास चार विटा पुरेत. बरणीत ओतलेले पाणी म्हणजे ‘चल’चे निरोप.

प्रयोग पहिला. बादलीतले पाणी बरणीच्या पाण्याहून खाली असू द्या आणि चिमटी सोडा. बरणीतले पाणी उतरते. हा मोठ्या माणसाचा मेंदू.

प्रयोग दुसरा. बरणी पुन्हा अर्धी करा, बादली विटांवर चढवून तिचे पाणी रेघेच्या वर आणा, आणि चिमटी सोडा. बरणी भरते आणि पाणी रेघ ओलांडते. ‘थांब’ म्हणणाऱ्या निरोप्यानेच पेशी पेटवली.

प्रयोग तिसरा, आणि हा नीट पाहा. बादलीचे पाणी बरणीच्या पाण्याहून वर, पण रेघेच्या खाली ठेवा. चिमटी सोडली की बरणीतले पाणी चढते खरे, परंतु बादलीच्या पातळीशी येऊन थांबते. आता चिमटी तशीच सैल ठेवून बरणीत पेल्याने बारीक धार सोडा. जितके ओताल तितके नळीवाटे बादलीत निघून जाईल. पाणी रेघेला लागणार नाही. उलट, चिमटी दाबून तेवढेच पाणी ओता, ते रेघ ओलांडून जाईल. म्हणजे दाराने पातळी वाढवली, आणि तरी धुऱ्यावरून पाणी जाऊ दिले नाही. ढकलले, आणि ढकलता ढकलता अडवलेही!

प्रयोग चौथा. तिसऱ्यासारखेच पाणी चढू द्या, मग चिमटी पटकन मिटा आणि थोडेसेच पाणी ओता. आधीच्या पातळीवर जेवढ्याने रेघ ओलांडली नसती, तेवढ्याने ती आता ओलांडते. दार मिटले, पण चढलेली पातळी घटकाभर तशीच राहिली आणि पुढच्या निरोपाला तिचा टेकू मिळाला.

या चार प्रयोगांत सगळे शास्त्र आले. नदी धुऱ्याच्या वर की खाली, दार उघडे असता निरोप आला की मिटल्यावर आला, यावर फळ अवलंबून. पेशीला झाडासारख्या फांद्या असतात. दार बुंध्याजवळ आहे की दूरच्या फांदीवर, यानेही फरक पडतो. दूरच्या फांदीवर पातळी चढली की तिचा उठाव बुंध्यापर्यंत पोचतो, पण तिथली गळती बुंध्याला अडवू शकत नाही.

आता कोणी म्हणेल, “काऊन जी, हे सारं बरणीतलंच आहे का मेंदूतलंही?” मेंदूतलेही आहे, आणि ते टप्प्याटप्प्याने कळत गेले. १९५५ साली ऑस्ट्रेलियात जॉन एक्लस आणि त्यांच्या साथीदारांनी मांजराच्या मज्जारज्जूतील पेशीत केसाहून बारीक काचनळीने क्लोराइड भरले, आणि ‘थांब’चा निरोप उलटून पातळी वर चढताना पाहिली. पुढे १९६३ साली चेतापेशींवरील कामासाठी एक्लस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण ही झाली माणसाने मुद्दाम भरलेली नदी. निसर्गातच नदी भरलेली असते हे १९८९ साली पॅरिसमध्ये येहेझ्केल बेन-आरी आणि त्यांच्या साथीदारांनी नवजात उंदरांच्या मेंदूत दाखवले. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत गॅबा तेथील पेशींना उठवत होता; पिल्ले थोडी मोठी झाली की तोच गॅबा त्यांना शांत करू लागला.

१९९९ साली फिनलंडमधील हेलसिंकीच्या शास्त्रज्ञांनी या बदलामागचे यंत्र ओळखले. पेशीच्या भिंतीत क्लोराइड बाहेर उपसणारा एक पंप असतो. लहान पिल्लात तो फारसा नसतो. वाढीबरोबर तो येतो आणि नदी खाली उतरते. दुसरा पंप क्लोराइड आत ओढणारा आहे; बालवयात त्याचा जोर अधिक. माणसाच्या बाळात ही अदलाबदल गर्भातल्या शेवटच्या महिन्यांपासून जन्मानंतरच्या काळापर्यंत चालू असते. आणि हे निरर्थक नाही. कोवळ्या मेंदूत ‘चल’चे इतर निरोपे अजून थोडे असतात. तेव्हा गॅबाच पेशींना हलके ढोसून वाढीला लावतो, त्यांना फांद्या फुटण्यास आणि एकमेकींशी जोडले जाण्यास मदत करतो. जो पुढे राखणदार व्हावयाचा, तो आधी पेरणी करतो.

यावरून कित्येकांनी असा समज करून घेतला, की बाळाच्या मेंदूत गॅबा म्हणजे निव्वळ चाबूक. तो समज टिकला नाही. जिवंत पिल्लांच्या मेंदूत पाहिले तेव्हा मेंदूच्या वरच्या थरात गॅबा पातळी चढवीत होता, आणि तरीही एकूण गडबड कमी करीत होता. आपला तिसरा प्रयोग. २०२० मध्ये अमेरिकेतील दोन संशोधकांनी तीन दिवसांच्या उंदरांवर दाखवले, की हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात गॅबाच्या पेशी इतरांना उठवतात, आणि त्याच वयात दृष्टीच्या भागात त्या इतरांना आवरतात. एकच मेंदू, एकच वय, निरोपही एकच. भाग बदलला आणि फळ बदलले.

बंधु-भगिनींनो, याचा आपल्या घराशी संबंध असा. झटक्यांवरची जुनी आणि भरवशाची औषधे, म्हणजे फिनोबार्बिटोन किंवा डायझेपाम, ही गॅबाच्या दारावरच काम करतात. दार उघडे राहावे किंवा वारंवार उघडावे, एवढे ती करतात. पण आपण पाहिले, की दार उघडून काय होणार हे पातळी ठरवते. मग ज्या बाळाची नदीच वर आहे, त्याला हे औषध लागू पडेल का? १९९९ साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत फिनोबार्बिटोनने शंभरातील ४३ नवजात बाळांचे झटके थांबले, निम्म्याहून कमी. तेव्हा डॉक्टरांना वाटले, नदी खाली उतरवणारे औषध द्यावे. ब्युमेटानाइड नावाचे औषध क्लोराइड आत ओढणारा पंप अडवते. युरोपात १४ बाळांवर त्याची चाचणी झाली. ती मध्येच थांबवावी लागली. फायदा पुरेसा दिसला नाही आणि वाचलेल्या ११ बाळांपैकी तिघांच्या कानांवर परिणाम झाला. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. उंदरात जे साधले ते बाळात साधेलच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

पुढे २०२० साली दुसऱ्या चाचणीचा निकाल आला. तीत फिनोबार्बिटोन दिलेल्या बाळांपैकी ८० टक्क्यांचे झटके दिवसभर थांबलेले राहिले, तर लेव्हेटिरॅसिटाम या नव्या औषधाने २८ टक्क्यांचे. दोन्ही चाचण्यांच्या रीती वेगळ्या होत्या, म्हणून ४३ आणि ८० हे आकडे शेजारी ठेवून तोलता येत नाहीत. पण नदी वर असली तरी दार उघडून बाळाला आराम पडू शकतो, एवढे त्यातून दिसते. २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही नवजात बाळाच्या झटक्यांवर पहिले औषध फिनोबार्बिटोनच सांगितले आहे. मात्र मात्रा किती, केव्हा, श्वासावर लक्ष कसे ठेवावयाचे, हे दवाखान्याचे काम. घरात आजोबांच्या मिरगीच्या गोळ्या आहेत म्हणून त्यातली पाव गोळी आईच्या दुधात उगाळून बाळाला चाटवणे म्हणजे नदीची पातळी न पाहता दार उपसून काढणे होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. झटका लांबला की पेशीत क्लोराइड साचत जाते, आणि मोठ्या वयातही नदी वर येऊ लागते. प्राण्यांवरील प्रयोगांत हे दिसले आहे. झटका जितका जुना, तितके औषध कमी लागू पडते, हा तर दवाखान्यातला नित्याचा अनुभव आहे. पोडावरून किंवा आडगावातून दवाखाना गाठावयास आधीच वेळ लागतो. त्यात भगताकडे, अंगाऱ्यात, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात जो अर्धा तास जातो, तो फुकट जात नाही. तो बाळाच्या विरुद्ध काम करतो.

तेव्हा काय करावे? मोठ्या माणसाला किंवा मुलाला झटका आला तर त्याला कुशीवर वळवावे, अंगावरचे घट्ट कपडे सैल करावेत, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा थांबून पुन्हा आला, तर क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी.

नवजात बाळाची ओळख थोडी निराळी. त्याचा झटका मोठ्या माणसासारखा जोराचा दिसेलच असे नाही. डोळे एकीकडे खिळून राहतात, तोंड उगाच चोखल्यासारखे हलते, पाय सायकल मारल्यासारखे चालतात, किंवा श्वास मध्येच थांबतो. बाळ नुसते थरथरत असेल तर त्याचा हात हलकेच धरावा; थरथर हाताखाली थांबते, झटका थांबत नाही. शंका आली तरी पाच मिनिटांची वाट पाहू नये. जन्मताच न रडलेले बाळ, फार कमी वजनाचे बाळ, दूध न ओढणारे बाळ, यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे; कारण श्वास कोंडणे, रक्तातील साखर उतरणे आणि जंतुसंसर्ग ही अशा झटक्यांची मोठी कारणे आहेत. दवाखान्यात नेताना बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे, म्हणजे ऊब राहते. झटका चालू असता दूध पाजू नये. चटके देऊ नयेत. आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. घरी जाऊन नवजात बाळाला जपण्याची ही रीत गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या कामातून सिद्ध झाली आणि मग देशभर गेली. त्या आल्या म्हणजे बाळाने रात्री काय केले, ते लाजूबुजू नये, मोकळेपणाने सांगावे.

आणि गुरुजींना एक विनंती. झरी जामणीच्या शाळेत कोणाच्या घरी कोलामी, कोणाच्या घरी गोंडी, कोणाच्या घरी तेलुगू, तर कोणाच्या घरी वऱ्हाडी बोलतात. बरणीचा प्रयोग मुलांनी आपापल्या भाषेत घरी सांगितला, तर तो पोडावरच्या चुलीपर्यंत पोचेल. मुलाला झटके येतात म्हणजे त्याला बाहेरची बाधा झाली, असे म्हणून त्याला बाकावरून उठवणारे वर्ग अजून आहेत. बरणीतले पाणी ज्याने चढता-उतरताना पाहिले, तो मुलगा शेजारच्या बाकावरल्या सोबत्याला तसे म्हणणार नाही.